लिफ्टमनचं स्टूल

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ऑफिसात नेमकं काय करतात हे मला त्यांच्याच कंपनीत असूनही बरीच वर्षं सांगता येत नव्हतं. लिफ्ट बसवणं आणि चालू ठेवणं हा आमच्या कंपनीचा धंदा. मी दुरुस्ती विभाग सांभाळतो, म्हणजे कुणी दोन मजल्यांच्या मध्ये लटकलं की शिव्या मला. विक्रीवाले लिफ्ट विकतात, जोडणीवाले बसवतात, कोठारवाले सुटे भाग देतात. दाजी यातलं काहीच करत नसत. त्यांच्या दारावर पाटी होती ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’. पाटी लागली त्याच आठवड्यात कँटीनवाला त्यांच्याकडे जाऊन म्हणाला, "साहेब, आमच्या मोरीचा उतार उलटा आहे, तेवढं बघता का?" दुसरा कुणी असता तर हसून त्याला वाटेला लावलं असतं. दाजी उठले, खाली गेले, मोरीत तांब्याभर पाणी ओतलं, वाकून बघितलं आणि म्हणाले, "खरंच उलटा आहे की!"

हा माणूस असा. याच्यावर चिडायचं तरी कसं? तरी मी चिडत असे, ती गोष्ट वेगळी.

हा विभाग निघाला मोठ्या साहेबांच्या रागातून. कंपनीचे मालक ते. एके दिवशी त्यांच्यासमोर तक्रारी नोंदवायचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचा कागद आला. त्यांनी विचारलं, आधीचं कुठे गेलं? तेव्हा कळलं की आधीचंही चालू आहे, त्याच्या आधीचंही चालू आहे, आणि तिन्हींत मिळून एकही तक्रार धड सापडत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. विक्रीकडे लिफ्ट इमारतीच्या नावाने, जोडणीकडे कामाच्या क्रमांकाने, कोठारात मॉडेलवरून, आणि माझ्याकडे तक्रार करणाऱ्याच्या फोन नंबरावरून. त्या माणसाने नंबर बदलला की माझ्या लेखी ती लिफ्टच गायब! एका दवाखान्याच्या लिफ्टसाठी माझा मेकॅनिक तीनदा दाराचं कुलूप घेऊन गेला आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच लिफ्टचं कुलूप निघालं. तिथले डॉक्टर मला फोनवर काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

साहेबांनी कॉम्प्युटर विभागातून दाजींना उचललं आणि सांगितलं, "या बारभाई कारभाराला एक आराखडा द्या. काय घ्यायचं, काय टाकायचं, कशाला काय जोडायचं, हे आधी तुम्हाला विचारल्याशिवाय कुणी करायचं नाही."

झालं. दाजींना वाटलं, आपल्याला अधिकार मिळाला. पहिल्या वर्षी त्यांनी एक चित्र काढलं. दारापासून खिडकीपर्यंत भिंत भरून चौकोन आणि बाण, सगळे रंगीत. माझा दुरुस्ती विभाग उजव्या कोपऱ्यात, पडद्याच्या मागे. दर महिन्याला सगळ्या विभागप्रमुखांना त्या भिंतीसमोर बसवायचे आणि बाण समजावून सांगायचे. दाजींच्या सहीशिवाय माउससुद्धा घेता येईना. आम्ही त्या विभागाला नाव ठेवलं ‘नाकाबंदी’. विक्रीप्रमुखाला तर आम्ही आधीपासूनच ‘मधाचं बोट’ म्हणत होतो, कारण गिऱ्हाईक असो की साहेब, तो प्रत्येकाला तेच लावायचा. हा पठ्ठ्या दाजींसमोर मान डोलवायचा आणि बाहेर जाऊन बिलावर ‘स्टेशनरी’ लिहून सॉफ्टवेअर आणायचा.

मी तसा नाही. मी तोंडावर बोलतो. तुमच्याकडे तक्रार आली की ती पुढे कुठे कुठे जाते, हे विचारायला दाजी माझ्याकडे आले, तेव्हा माझे फोन खणखणत होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मला काय विचारताय? तुमच्या भिंतीला विचारा!"

संध्याकाळी ताईचा फोन आला. मला वाटलं, ते घरी जाऊन रडले असणार. पण ताई म्हणाली, "काय रे, काय म्हणालास यांना? आल्यापासून हसतायत नि म्हणतायत, तुझ्या भावाने आज कामाचं सांगितलं." वर म्हणाली, "आणि तरी तुझी जीभ जरा आवर. माझा नवरा आहे तो."

दुसऱ्या दिवशी दाजी माझ्या विभागात फोनवर बसणाऱ्या मुलींच्या रांगेत येऊन बसले. कानाला फोन लावून. पंधरवडाभर त्यांनी तक्रारी घेतल्या, शिव्या खाल्ल्या, घाबरलेल्या माणसांना धीर दिला. मग कोठारात जाऊन बसले, मग जोडणीवाल्यांबरोबर डोक्यावर टोपी घालून अर्धवट इमारतींत फिरले. परत आल्यावर त्यांनी आधी भिंतीवरचं चित्र उतरवलं. तो कागद कँटीनवाल्याने टेबलांवर अंथरला. बरेच दिवस आम्ही बाणांवर चहाचे पेले ठेवत होतो.

नंतर त्यांनी केलं ते इतकं साधं की मला वाटलं, याला विभाग कशाला लागतो? त्यांच्या खोलीत भंगारात निघालेल्या एका जुन्या लिफ्टमधलं लिफ्टमनचं स्टूल होतं, लाकडी, पाठ नसलेलं. दर बुधवारी दुपारी दार उघडं टाकून दाजी त्या स्टुलावर बसायचे आणि येणाऱ्याला चांगली खुर्ची द्यायचे. कुणी काही नवं घेणार असेल, जुनं बदलणार असेल, तर त्याने यावं. फॉर्म नाही, सही नाही. तीन प्रश्न. हे काम आपल्याकडे आधीच कोण करतंय? याला लागणारी माहिती कुठून येणार? आणि उद्या हे नको झालं तर सुटका कशी करून घ्यायची? दुसऱ्या प्रश्नावर बहुतेकजण अडकायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उत्तर त्याच बैठकीत मिळायचं, हो किंवा नाही, आणि का ते बाहेरच्या फळ्यावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं जायचं.

अशाच एका बुधवारी ठरलं की प्रत्येक लिफ्टला विकल्या दिवसापासून भंगारात जाईपर्यंत एकच क्रमांक, आणि तो लिफ्टच्या आत पत्र्यावर ठोकलेला. सगळ्या विभागांनी तोच वापरायचा. आता अडकलेला माणूस घाबरत का होईना, समोरचा क्रमांक वाचून दाखवतो आणि माझ्या मेकॅनिकच्या हातात नेमकं कुलूप असतं. त्या दवाखान्याच्या डॉक्टरांचा परत फोन आला. शिव्या न देता नुसते ‘बरं’ म्हणाले. माझ्या धंद्यात याला कौतुक म्हणतात.

त्याच तडाख्यात माझं तक्रारींचं सॉफ्टवेअर गेलं. माझा जीव होता त्याच्यावर, ते मीच पदरचे महिने घालून बसवून घेतलं होतं. दाजींचा एक नियम होता: एका कामाला दोन दारं नकोत, चांगलं दार ठेवा, दुसरं बंद करा, आणि बंद करताना रडू नका. मी भांडलो, नात्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, "नातं घरी. जेवायला ये रविवारी." मी गेलो आणि मुद्दाम जास्त जेवलो.

हळूहळू लोक त्यांच्याकडे आपण होऊन यायला लागले. ‘नाकाबंदी’ हे नाव मागे पडलं. मधाचं बोटसुद्धा बुधवारी दारात उभा असायचा. आणि मग गाडं दुसऱ्या टोकाला गेलं. कुणी काही विचारलं की उत्तर एकच, "दाजींना विचारा." हो, सगळी कंपनी त्यांना दाजी म्हणायला लागली होती, माझ्यामुळे. त्यांच्या हाताखालचे दोघेही हेच म्हणायचे. दाजींना ते आवडत होतं. का नाही आवडणार? ज्या माणसाला लोक मोरी बघायला बोलवायचे, त्याच्यावाचून आता पान हलत नव्हतं.

अशात मोठ्या साहेबांनी दुसरी एक कंपनी घेतली, सरकते जिने करणारी. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! आता सगळंच दोन दोन. दोन पगारपद्धती, दोन कोठारं, दोन तक्रारकेंद्रं. आणि आराखडा विभागही दोन, कारण तिकडेही तो होता. एक बाई चालवत होत्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत.

साहेबांनी दाजींना बोलावलं. मीही तिथे होतो, तक्रारकेंद्राचा विषय होता म्हणून. साहेब म्हणाले, "कोणतं ठेवायचं, कोणतं बंद करायचं, तुम्ही सांगा. त्यात तुमचा विभागही आला. दोनांतला एकच राहील आणि त्याचा प्रमुखही एकच. नियम तुमचाच आहे, तुम्हीच लावा." मग चष्म्यावरून बघत हसले. "लावताना जरा घराकडे बघून लावा म्हणजे झालं."

बाहेर आल्यावर मी दाजींचा हात धरला. "कळलं ना साहेब काय म्हणाले ते? उगाच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेऊ नका. या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण खुर्ची देणार आहे? पोरगी अजून शिकतेय."

"माझ्याकडे खुर्ची कुठाय?" ते म्हणाले. "स्टूल आहे." असल्या वेळी विनोद करणाऱ्या माणसाला काय करावं?

ते तिकडे बघायला गेले. दोन आठवड्यांसाठी म्हणून गेले आणि इकडे आमची जी काही तंतरली! माझ्या मेकॅनिकांना हातात धरायचे टॅबलेट द्यायचे होते. कोठाराला आपल्या सॉफ्टवेअरची एक जोडणी बदलायची होती. मधाच्या बोटाला गिऱ्हाइकांची नावं नव्या पद्धतीने भरायची होती. बुधवार आला, दार उघडलं, लोक जमले, स्टूल रिकामं. दाजींचे दोघे सहकारी भिंतीला टेकून उभे. "ते आल्यावर बघू." सगळंच भिजत घोंगडं. टॅबलेटचं मी फोनवर विचारलं तर दाजी म्हणाले, "तुला काय वाटतं?" मी म्हणालो, "मला काय वाटायचंय? तुम्ही या." त्यांनी फोन ठेवून दिला.

परत आले त्या रविवारी ताईकडे जेवायला बसलो होतो. भाची अभ्यासाचं पुस्तक ताटाशेजारी उघडं ठेवून जेवत होती, ताई तिच्यावर ओरडत होती. मी विचारलं, "कशा आहेत त्या मॅडम? फार हुशार?"

"माहीत नाही," दाजी म्हणाले. "भेटल्याच नाहीत. आई आजारी म्हणून महिनाभर रजेवर आहेत."

"मग तुम्ही दोन आठवडे बघितलंत काय?"

"तेच तर बघितलं. त्यांच्याकडेही बैठक असते, पण बसायला आळीपाळीने सगळे. एकदा हिशेबवाला, एकदा वर्कशॉपची फोरमन. त्या फोरमनबाईंनी मला विचारलं, तुमची ही कल्पना उद्या नको झाली तर सुटका कशी? माझाच प्रश्न, माझ्याच तोंडावर! मॅडम नाहीत हे मला चौथ्या दिवशी कळलं, तेही सहज बोलता बोलता." ते पाणी प्यायले. "आणि इथे मी नाही तर तुला टॅबलेट घेता येत नाही."

"म्हणजे तुमच्यावाचून अडतं! साहेबांना हेच तर दाखवायचं!" मी म्हणालो.

तेवढ्यात ताई बोलली. मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा या घरात काय दशा झाली ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. चहाची पत्ती सापडेना म्हणून दाजींनी मला फोन केला होता, मला! ताई म्हणाली, "मी आठ दिवस नव्हते तर तुम्हाला गॅस पेटवता येईना. आणि येणारा जाणारा मला सांगतोय, बघा, तुमच्यावाचून घर अडतं हो! ते माझं कौतुक नव्हतं. तुम्हाला इतकी वर्षं काही शिकवलं नाही, तो माझा गाढवपणा होता."

दाजी उठून हात धुवायला गेले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यांनी साहेबांना सांगितलं की आराखडा विभाग तिकडचा ठेवा, इकडचा बंद करा. कारण एका ओळीचं: तिकडे विभाग आहे, इकडे मी आहे.

मी त्यांच्या खोलीत जाऊन वाटेल ते बोललो. "संत व्हायचंय का तुम्हाला? त्या मॅडम तुमच्या पायाशीही बसायच्या लायकीच्या नसतील! लिफ्टचे क्रमांक कुणी आणले? भिंत कुणी उतरवली? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!" दार उघडं होतं, सगळा मजला ऐकत होता. ते शांतपणे म्हणाले, "तुझं सॉफ्टवेअर बंद केलं तेव्हा मी तुला काय सांगितलं होतं?" मी दार आपटून निघालो. ते दार धड आपटतही नाही, त्याला बिजागरीत रबर आहे.

साहेबांनी त्यांना वेड्यात काढलं. मग मॅडमचाच निरोप आला, माझ्या हाताखाली म्हणून नको, माझ्याबरोबर म्हणून या. दाजींनी नकार दिला. मला म्हणाले, "जुना घरमालक वरच्या मजल्यावर राहत असेल ना, तर भाडेकरू भिंतीत खिळा ठोकतानाही वर बघतो. मी इथे राहिलो तर तुम्ही सगळे वरच बघत बसाल." महिनाअखेर त्यांनी जायचं ठरलं; बुधवारची बैठक तिकडच्यासारखी इथेही चालू राहणार होती. पुढे काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ताईने त्यांना गॅस पेटवायला शिकवलं, एवढं भाचीने मला सांगितलं.

शेवटच्या बुधवारी खोली गच्च भरली होती. बरेचजण नुसते निरोप द्यायला आले होते. मधाचं बोट मात्र कामाने आला होता. गिऱ्हाइकाला किमतीचा अंदाज लगेच देता यावा म्हणून त्याला एक नवं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. तो खुर्चीत बसला. दाजी स्टुलावरून उठले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बस."

"मी? मी नाही बसणार."

"बस रे. गुडघे दुखतात माझे." आणि ते खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी बसलो. त्या स्टुलाला पाठ नाही, त्यामुळे रेलता येत नाही, एवढंच मला तेव्हा जाणवलं. मी विचारलं, "हे काम आपल्याकडे आधीच कोण करतंय?" मधाचं बोट म्हणाला, कुणीच नाही. मी म्हणालो, कसं नाही? कोठारात प्रत्येक भागाची किंमत आहे, माझ्याकडे प्रत्येक लिफ्टचा क्रमांक आहे. दोन्ही जोडलं की तुझा अंदाज तयार. नवं घेतलंस तर त्यातल्या किमती रोज कोण बदलणार? त्याने पंधरा सबबी सांगितल्या. गोड बोलला, मग तिखट बोलला. मग खुर्चीतून वळून दाजींच्या पाठीला म्हणाला, "दाजी, तुम्हीच सांगा याला."

दाजी वळले नाहीत. खाली आवारात कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ते बघत राहिले.

"नाही," मी म्हणालो. "नवं घ्यायचं नाही. कोठाराशी जोडून घे. नाही जमलं तर पुढच्या बुधवारी ये." आणि उठून बाहेरच्या फळ्यावर कारण लिहिलं. माझं अक्षर घाण आहे. मधाचं बोट पुटपुटत गेला, पण गेला.

लोक पांगल्यावर मी खिडकीशी गेलो. दाजी चष्मा पुसत होते. मी हळूच विचारलं, "बरोबर होतं का ते?"

"मला काय विचारतोस?" ते म्हणाले.

एवढंच म्हणाले, आणि चष्मा डोळ्यांवर चढवून, डबा उचलून निघालेसुद्धा. मला भयंकर राग आला. हे जमत होतं तर महिन्यापूर्वी का नाही जमलं आम्हाला? आमच्यापैकी कुणी एकजण त्या दोन आठवड्यांत या स्टुलावर बसला असता, तर हा माणूस आज घरी गेला नसता. रागाने मला रडू यायला लागलं, आणि बंद करताना रडायचं नाही असं त्यांनीच सांगून ठेवलेलं.

तेवढ्यात दारात कोठारातल्या बाई आल्या. त्यांना उशीर झाला होता. त्यांनी रिकाम्या खोलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "दाजी गेले का? मला एक विचारायचं होतं. आता कुणाला विचारू?"

मी तोंड पुसलं, स्टूल पुढे ओढलं आणि त्यांना खुर्ची दाखवली.

"बसा," मी म्हणालो.